भिंतीवरची वाटी

आमच्या दोघी जावांचं बोलणं बंद होतं, पण वाटी चालू होती.

नवख्या माणसाले हे समजणार नाही, म्हून आधीच सांगते. मी रेणुका, धाकटी. जयमाला थोरली. तिचे मालक कडूबा अन् माहे गोकुळ, दोघं सख्खे भाऊ. धाड गावच्या बाजारातून जीपनं थोडं पुढं आमचं गाव. सासूबाई गेल्या, वाटणी झाली अन् अंगणात कमरेएवढी भिंत आली. शेत तं भावाईनं चहा पेता पेता वाटून घेतलं. भांडण लागलं ते आम्हा दोघीचं, अन् तेही पाट्या-वरवंट्यावरून. सासूबाईचा पाटा आला माह्या वाट्याले अन् वरवंटा गेला तिच्या. मी म्हणलं, वरवंटा द्या. ती म्हणे, पाटा दे. कोणी हटलं नाही. पुढं दोन्ही घरात मिक्सर आले, तरी वरवंटा तिच्या चुलीपाशी उभा अन् पाटा माह्या न्हाणीपाशी आडवा. पोरं शाळेत होते तेव्हा हे झालं, पोरं कॉलेजात गेले तरी आमचं तोंड उघडलं नाही.

वाटीचं मात्र वेगळं. आमच्या सासूबाईची एक रीत होती, दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत द्याचं नाही. चिमूटभर साखर टाक, एखादा कांदा टाक, पण रिकामं नको. दोघीले त्याईनं हे इतकं घोटून शिकवलं होतं की भांडणातही ते सुटलं नाही. ती भिंतीवर वाटी ठेवे, आंबाडीची भाजी घालून. मी भाजी काढून घेऊ, वाटी धुवू, अन् शेंगदाण्याची चटणी टाकून परत ठेवू. तोंडानं एक अक्षर नाही. स्टीलची वाटी, काठावर सासूबाईचं नाव कोरलेलं, मंजुळाबाई. ती वाटी वाटणीत कोणाले आली होती हे आता दोघीलेही आठवत नव्हतं. तिच्याकडं पाहुणे आले की मले भाजीवरून समजे. माह्या घरी कोणी रुसलेलं असलं की तिले तिखटावरून समजे.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या भाज्या अळणी येऊ लागल्या. एकदा, दोनदा, मंग रोजच. मी भिंतीकडं तोंड करून म्हणलं, "मीठ महाग झालं वाटते काही लोकाईच्या घरी." तिकडून उत्तर आलं नाही. जयमाला अन् उत्तर देत नाही म्हणजे काहीतरी बिनसलं हे मले तेव्हाच समजाले पाह्यजे होतं. तिचे पाय सुजले होते, तोंड सुजलं होतं. बुलढाण्याले दाखवलं तं डॉक्टरनं सांगतलं, दोन्ही किडन्या गेल्या. मीठ त्याईनंच बंद केलं होतं.

मंग डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या एसटीनं बुलढाण्याले जायाचं, सांजच्याले यायाचं. येई तेव्हा पिळून टाकलेल्या लुगड्यावाणी दिसे. मी भिंतीआडून पाहू. पाह्यल्याशिवाय जेवण जाईना अन् बोलाले जीभ उचलेना, अशी माही गत. डॉक्टर म्हणे, किडनी बदलली तं बाई चांगली जगेल. नाहीतर तिचं हृदयही कमजोर झालंय, डायलिसिस किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. भासऱ्याची, म्हणजे कडूबाची, चालेना, त्याईले साखर. तिच्या एकुलत्या एका भावाचा रक्तगट जुळेना. राह्यली तिची पोरगी, पुष्पांजली. पोट्टी बी.एस्सी.ले. ती म्हणे, "आई, माही घे. मी तुही पोरगी हाय, काही अडचण येत नाही."

जयमाला म्हणे, "तुहं अजून लग्न व्हायचं, लेकरं व्हायचे. तुह्या पोटाले कोणी हात लावला तं मी डायलिसिसलेही जाणार नाही. घरीच पडून राहीन." अन् ती म्हणते तसं करते, हे सगळ्या गल्लीले ठाऊक.

अशात एक दिवस धामणगाव बढेहून भासऱ्याचे दूरचे पाहुणे वामनराव आले, संगं एका माणसाले घेऊन. कडक इस्तरीचा शर्ट, हातात दोन मोबाईल. अंगणात खाटेवर बसले. मी भिंतीपाशी तूर निवडून राह्यली होती, त्यामुळं ऐकाले कान लांब कराचं काम नव्हतं.

तो माणूस म्हणे, "पंचवीस लाखात सगळं. दवाखाना, कागद, कमिटी, तुम्ही काहीच पाहायचं नाही. देणारा माणूस आपला तयार आहे. तुमचा मावसभाऊ म्हणून दाखवू."

भासऱ्याईनं मान खाली घातली होती. रोडवरच्या जमिनीचा इचार त्याईच्या मनात चालू झाला, हे मले इकडून दिसलं. एवढा गरीब स्वभावाचा माणूस, बायकोसाठी तो जमीनच काय, जीव विकेल.

जयमालानं विचारलं, "देणाऱ्याले किती भेटते?"

"चार. त्याला लय झाले ताई. त्यानं चार लाख जन्मात पाहिले नसतील."

"अन् बाकीचे?"

"खर्च असतो. सगळ्यांचे हात ओले करावे लागतात."

"कोण हाय तो? गाव कोणतं?"

"ते नका विचारू. तुम्हाला किडनीशी मतलब."

जयमाला म्हणे, "ज्याचं दार मले माहीत नाही, त्याची वाटी मी परत कुठं करू?"

त्या माणसाले काहीच समजलं नाही. वामनरावाले समजलं नाही. मले समजलं. माह्या हातातलं सूप तसंच खाली पडलं.

मी उठून उभी राह्यली. "ओ इस्तरीवाले," मी म्हणलं, "ज्याचं पोट फाडाचं त्याले चार अन् बसून बोलणाऱ्याईले एकवीस? आमच्या बाजारात बैलाचा दलाल असतो ना, तोही एवढं खात नाही. अन् बैलाची तं किडनी काढून त्याले परत चालवत नाहीत. उठा. पोलीस पाटलाचं घर इथून दिसते, मी हाक मारली की ते येतात."

तो उठला. वामनराव त्याच्या आधी उठले होते, चपला हातात घेऊन. ते दोघं गेले. अन् तिथंच उभ्या उभ्या माह्या तोंडून निघालं, "माही घ्या."

जयमालानं मान वर केली. इतक्या वर्षात ती माह्याशी पहिल्यांदा बोलली. "तुही काऊन?"

"काऊन म्हणजे? दोन हायत मले. अन् आपला रक्तगट एकच हाय, बाळंतपणात कळला होता."

"पण तुही काऊन, रेणुका?"

मी खाली बसून सांडलेली तूर भरू लागली.

काऊन ते मी शिवमले सांगतलं. शिवम माहा पोरगा, पुण्याले कंपनीत ट्रेनिंगले. त्याचा फोन आला, "आई, येडी झाली काय? जिच्याशी बोलत नाहीस तिले किडनी देऊन राह्यली?" मी म्हणलं, "ऐक बे. तू दोन महिन्याचा होता तेव्हा मले टायफॉईड झाला. मी बेशुद्ध पडलेली, अन् तू डब्याच्या दुधाले तोंड लावेना. ह्याच मोठ्या आईच्या अंगावर पुष्पांजली पेत होती. तिनं एका बाजूले तिले घेतलं अन् एका बाजूले तुले. मी उठून बसेस्तोवर तिनं पाजलं. पुष्पांजली अर्धपोटी राहे, पण तुले तिनं कधी रडू देलं नाही." तो म्हणे, "मले हे कोणी सांगतलं काऊन नाही?" मी म्हणलं, "त्यानंतर वरवंटा आला ना मधात."

आमचे हे आधी फुगून बसले. जेवताना बोलत नव्हते, म्हशीशी बोलत होते. शेवटी म्हणाले, "वरवंट्यासाठी जिनं एवढी वर्षं काढली, तिले कोण अडवणार. सांग, माही सही कुठं पाह्यजे."

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. किडनी बदलणाऱ्या संभाजीनगरच्या दवाखान्यात समता नावाची एक मॅडम होती, देणाऱ्या-घेणाऱ्याचं सगळं काम तिच्याकडं. मूळची आपल्या बाजूच्या उंद्री गावची, म्हून आमच्याशी आमच्यावाणीच बोले. ती म्हणे, "काकू, एक अडचण हाय. कायद्यात जाऊ जवळच्या नात्यात बसत नाही."

"बसत नाही म्हणजे? एका सासूच्या हाताखाली राबलो आमी."

"नवरा-बायको, आई-बाप, लेकरं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. एवढेच. बाकी कोणी द्याची म्हणलं की कमिटीपुढं जावं लागते. ते पाहतात की खरंच माया हाय का पैसा हाय. विचारतील ते खरं सांगा, बस."

"खरंच सांगतो आमी," मी म्हणलं. "पैसा कोण घेते?"

कमिटीच्या आदल्या दिवशी सांजच्याले जयमाला आमच्या घरी आली. भिंतीवरून नाही, बाहेरून, समोरच्या दारानं. एका हातात सूप, दुसरा हात पुष्पांजलीच्या खांद्यावर. दम लागला होता. मले पाटावर बसवलं, कुंकू लावलं, अन् ओटी भरली. खण, नारळ, गहू, हळकुंड. अन् गव्हासंगं काहीतरी जड पडलं. पाहते तं तिच्या माहेरच्या सोन्याच्या पाटल्या.

"हे काय वो?" मी म्हणलं.

"ओटी हाय. ओटीले काय म्हणत नाहीत." अन् ती गेली.

आता मले सांगा, थोरल्या जावेनं ओटीत सोनं टाकलं तं धाकटीनं काय कराव? अन् दुसऱ्या दिवशी मोठ्या लोकाईपुढं जायाचं. मी त्या पाटल्या हातात घातल्या. जरा घट्ट होत्या, साबण लावून चढवल्या.

कमिटी म्हणजे लांब टेबलाच्या पलीकडं बसलेले पाच-सहा माणसं, एका बाजूले कॅमेरा लावलेला. मधात एक म्हातारी डॉक्टरीणबाई, चष्म्याची दोरी गळ्यात. बोलणं गोड होतं बाईचं. आधी कडूबाले विचारलं, मंग आमच्या ह्याईले, मंग मले. ऑपरेशन समजलं का, धोका समजला का, घरून कोणाचा दाब आहे का. मी सगळं बरोबर सांगतलं. एकत्र फोटो मागतले, ते देले. प्रत्येक फोटोत मी या टोकाले अन् जयमाला त्या टोकाले.

बाई म्हणाल्या, "तुमचं फारसं पटत नाही वाटतं."

"पटत नाही," मी म्हणलं. "पाटा माह्याकडं हाय अन् वरवंटा तिच्याकडं."

बाई हसल्या. मंग त्याईची नजर माह्या हाताकडं गेली. "पाटल्या छान आहेत. जुन्या दिसतात."

"जाऊबाईच्या माहेरच्या हायत."

"तुमच्याकडे कशा?"

"कालच देल्या त्याईनं. ओटीत टाकल्या."

"कशाबद्दल?"

माह्या नवऱ्यानं टेबलाखालून माह्या पायावर पाय देला. मले वाटलं चुकून लागला. मी म्हणलं, "आता मी किडनी देऊन राह्यली म्हणल्यावर त्या रिकाम्या हातानं कशा घेतील? आमच्यात तसं नसते."

एक माणूस लिहून राह्यला होता, त्याचा पेन थांबला. बाईनं चष्मा काढून हातात घेतला. रागावल्या नाहीत, पण त्याईचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही खरं बोललात. पण आता आम्हाला हो म्हणता येणार नाही. यावर खुलासा घेऊन पुन्हा या."

बाहेर बाकड्यावर समतानं कपाळाले हात लावला. "काकू, तुमी काय केलं हे? किडनीच्या बदल्यात सोनं. कायद्यात ह्याले विक्री म्हणतात. देणारा अन् घेणारा, दोघाईले जेल. दहा वर्षांपर्यंत."

"ओटी ही विक्री? तुहं डोकं ठिकाणावर हाय का व?" मी भडकली. "अन् समज विकली. म्हैस माही, मी विकते, कोणी विचारत नाही. शेत माहं, विकते. मंग किडनी काय सरकारची हाय? माह्याच पोटात तं हाय."

समतानं माह्या हातात चहाचा कप देला. मी जरा थंडी होईस्तोवर ती थांबली, मंग म्हणे, "काकू, घरात अडचण आली की आधी काय जाते?"

"अंगावरचं."

"मंग?"

"जनावर. मंग जमीन."

"अन् किडनी विकाले परवानगी असती तं त्याच्यानंतर काय गेलं असतं? सावकार म्हणले असते, हाय ना अजून एक, वीक अन् दे आमचे. पोरीच्या लग्नात विचारलं असतं, बापानं किडनी विकली का अजून ठेवली. तुमच्या अंगणात तो माणूस आला होता ना, तो तुमच्या बाजूनं आला, घेणाऱ्याच्या. त्या दुसऱ्या अंगणात जाऊन तो काय बोलला असेल ते तुमी ऐकलं नाही. आपल्यासारख्याईच्या घरात घेणारे थोडे, काकू. देणारेच जास्त निघाले असते."

मी चहा पेली. त्या न पाह्यलेल्या माणसाचं चार लाखाचं पोट माह्या डोळ्यापुढं आलं.

"पाटल्या परत करा," समता म्हणे. "अन् पुढच्या वेळी जयमाला काकूनं स्वतः सांगाव लागेल की काही देलं नाही अन् देणार नाही. नाहीतर मंजुरी भेटणार नाही. अन् त्याईच्या तब्येतीले लय थांबता येत नाही, हे तुमाले माहीत हाय."

घरी आल्याबरोबर साबण लावून पाटल्या काढल्या अन् भिंतीपाशी गेली. "जाऊबाई, ह्या घ्या."

"ओटीतलं कोणी परत घेते काय?" ती आतून म्हणे. "घराचं वाटोळं होते."

"नाही घेतलं तं तुमचं वाटोळं होते."

"होऊ दे. कोणाचं फुकट घेऊन मी जगत नाही. आजपर्यंत कोणाची वाटी रिकामी देली नाही, आता काय किडनी फुकट घेऊ?"

"अवो कायदा हाय."

"कायद्याले सासू नव्हती वाटते."

गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राह्यल्या. इतक्या वर्षाचं बोलणं आम्ही दोघीनं त्या एका सांजेले भरून काढलं. शेवटी मले राग आला. मी वाटी आणली, मंजुळाबाईची, तिच्यात पाटल्या टाकल्या अन् भिंतीवर ठेवून देली. "मी ठेवली. आता तुमाले काय कराचं ते करा."

तिनं उचलली नाही. मीही उचलली नाही. सोनं भिंतीवर. रात्री दोघं भाऊ भिंतीच्या दोन्ही बाजूले खाटा टाकून राखणीले झोपले, अन् सकाळी एकमेकाले चहा देऊन उठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. गाव हसून राह्यलं होतं. मले हसू येत नव्हतं. पुष्पांजली माह्याकडं येऊन हळूच म्हणे, "काकू, मी रक्त तपासून आली. माही जुळते. आई बेशुद्ध पडली की मी सही करीन, मंग ती काय करणार?" पोट्टी वीस वर्षाची, अन् आईच्या बेशुद्धीची वाट पाहून राह्यली होती. मी तिले पोटाशी धरलं.

त्या आठवड्यात जयमाला डायलिसिसहून आली ती ऑटोतून उतरतानाच बसली. भासरे अन् आमचे हे, दोघाईनं उचलून अंगणात खाटेवर टाकली. बीपी पार खाली गेलं होतं. ओठ पांढरे. मी भिंतीवरून पाय टाकला अन् तिकडं गेली. वाटणी झाल्यापासून मी ती भिंत ओलांडली नव्हती. कमरेएवढी तं भिंत, काहीच लागलं नाही.

तिच्या उशापाशी बसली. म्हणलं, "जाऊबाई, एक विचारते. शिवमले तुमी पाजलं, त्याचं मी तुमाले काय देलं होतं?"

तिनं डोळे उघडले. "त्याचं काय देतात येडे? लेकरू होतं ते."

"लुगडं देलं होतं?"

"नाही."

"पाटल्या देल्या होत्या?"

"तुह्याकडं कुठच्या पाटल्या."

"म्हणजे माही वाटी रिकामी आली होती तुमच्याकडं. तुमी घेतली. सासूबाईही होत्या तेव्हा, त्याही काही बोलल्या नाहीत. तुमाले चालते, अन् मले काऊन चालत नाही?"

तिच्या डोळ्यातून पाणी कानात जाऊ लागलं, मी पदरानं पुसलं. मंग म्हणे, "पुष्पे, ती भिंतीवरची वाटी आण."

पुष्पांजलीनं आणली. जयमालानं पाटल्या काढल्या, उशीखाली ठेवल्या. वाटी हातात घेऊन पडून राह्यली. मी हात पुढं केला तं म्हणे, "राहू दे. आता तिच्यात काही टाकताही येत नाही अन् रिकामी द्याले माहा हात होत नाही. राहू दे माह्यापाशी."

वाटी तिच्याकडंच राह्यली.

दुसऱ्यांदा कमिटीपुढं गेलो तेव्हा आम्हा दोघीले शेजारी बसवलं. माह्या हातात काचेच्या बांगड्या. पाटल्या परत केल्याचा आमचा लेखी खुलासा त्याईनं वाचला, कॅमेऱ्यापुढं आमाले विचारला. मंग त्या म्हाताऱ्या बाई जयमालाकडं वळल्या. "तुमच्या जाऊबाई तुम्हाला किडनी देणार आहेत. तुम्ही त्यांना काय देणार आहात?"

जयमाला बोलली नाही.

"पैसे? दागिना? जमीन?"

तिनं मान हलवली.

"मान नको, तोंडानं सांगा. पुढे कधी? मुलाच्या नावावर काही?"

मी तिच्या बाजूलेच बसली होती. डायलिसिसच्या सुया खाऊन जी बाई हूं करत नव्हती, तिले हे जड जाऊन राह्यलं होतं. साखर उसनी नेली तं वर शीग लावून परत करणारी बाई ती. हळदीकुंकवात हिच्या हातून कोणी रिकामं गेलं नाही. मले वाटलं, आपण उठाव अन् म्हणाव, पुरे झालं, नका विचारू. पण तिलेच सांगाव लागणार होतं.

"काही नाही," ती म्हणे. आवाज निघाला नाही, म्हून तिनं परत सांगतलं. "मी हिले काहीच देणार नाही. मी रिकाम्या हातानं घेईन."

अन् भर कमिटीत रडू लागली. बाईनं पाण्याचा ग्लास स्वतः उठून तिच्यापुढं ठेवला. पुढचं कोणी काही विचारलं नाही. काही दिवसांनी समताचा फोन आला, मंजूर झालं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघीले हिरवे कपडे घालून बाजूबाजूच्या चाकाच्या गाड्यावर झोपवलं होतं. मले भेव लागलं होतं, खोटं काऊन सांगू. देवाचं नाव घ्याचं तं शिवमचंच नाव तोंडात येऊन राह्यलं होतं. जयमाला तिकडून म्हणे, "रेणुका."

"काय वो?"

"आता तुले वरवंटाही देता येत नाही व. कायदा हाय."

मले असं हसू आलं की नर्स धावत आली अन् म्हणे, मावशी, हलू नका, बीपी वाढतं.

माही जखम लवकर भरली. तिले जपाव लागलं, घरी आल्यावरही कोणी जवळ जायाचं नाही, तोंडाले मास्क, वेगळी खोली. भासरे दारातून ताट सरकवत. मी भिंतीपाशी उभी राहून विचारू, "लघवी झाली का?" ती आतून ओरडून सांगे, "झाली." सगळ्या गल्लीले तिच्या लघवीची खबर. इतकी आनंदाची खबर आमच्या गल्लीत आजवर कोणाच्या लग्नाचीही झाली नसेल.

असे काही महिने गेले. तिचं तोंड उतरलं, म्हणजे सूज उतरली, अन् जुनी जयमाला दिसाले लागली. एका सकाळी मी अंगण झाडाले बाहेर आली तं भिंतीवर वाटी.

जवळ गेली. घासून लख्ख केलेली, मंजुळाबाईचं नाव चमकून राह्यलं होतं. मी आत पाह्यलं. सवयीनं बोट फिरवलं, एखादा साखरेचा दाणा, एखादा तांदूळ. काही नव्हतं. वाटी साफ रिकामी होती.

तिच्या दारात ती उभी होती, मास्क लावून, माह्याकडं पाहत. दोन्ही हातानं चौकट धरलेली. ती वाटी तिथवर आणून ठेवाले तिले किती जड गेलं असेल, ते फक्त मले माहीत. कमिटीत तं तिले विचारलं म्हून तिनं सांगतलं होतं. आज कोणी विचारलं नव्हतं.

मले रडू आलं, ते मी लपवलं नाही. वाटी घेऊन घरात आली, आंबाडी शिजत होतीच, तिच्यासाठी मीठ बेतानं टाकलं, गरम गरम वाटीत भरली अन् भिंतीवर ठेवली.

ती दारातून म्हणे, "हीही रिकामीच येईल, सांगून ठेवते."

मी म्हणलं, "येऊ द्या."